सदिच्छा म्हणून सोडलेला भाऊ

माझा थोरला भाऊ शत्रुराष्ट्राच्या तुरुंगात होता, आणि तो तुरुंग ज्या शहरात आहे ते शहर जळालं म्हणून आमच्या सोसायटीत पेढे वाटले गेले. पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात आले ते सोसायटीचे सेक्रेटरी. माझा भाऊ कुठे आहे हे त्यांना माहीत होतं. अख्ख्या विंगला माहीत होतं.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना माझा आवाज चढणार आहे.

मी वेसाव्याची. कोळीवाड्यात वाढले, शिकले, एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि लग्न करून बोरिवलीला आले. नवऱ्याचं घर मूळ मालवणकडचं, सासरे गिरणीत होते. दोन्ही घरांत माशाशिवाय जेवण होत नाही, एवढ्या एका गोष्टीवर हे लग्न जमलं असं सासूबाई म्हणतात. माझा भाऊ, म्हणजे आमचा दादूस, मात्र समुद्रावरच राहिला. वडील गेल्यावर घरची बोट विकावी लागली. खाडीच्या तोंडाशी तेलाचा तवंग आणि प्लास्टिक, जाळ्यात मासळीपेक्षा पिशव्या जास्त. मग तो सौराष्ट्रातल्या एका बंदरावर दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल म्हणून लागला. तांडेल बोटीचा प्रमुख असतो, जाळं कुठे टाकायचं ते तो ठरवतो. निदान तसं म्हणायची पद्धत आहे. खरं तर किनाऱ्यावर बसलेला मालक वायरलेसवरून ठरवतो.

शाळेच्या मधल्या सुट्टीत वहिनीचा फोन आला.

"ताई, यांची बोट धरली."

"कोणी?"

"पलीकडच्यांनी. सगळ्यांना नेलं."

मी स्टाफरूममध्ये उभी होते, हातात डबा होता. तो बंद करून पर्समध्ये ठेवला आणि पुढचा तास घेतला. काय शिकवलं ते आठवत नाही. संध्याकाळी वेसाव्याला पोचले तर आय ओट्यावर बसून बोंबील साफ करत होती. हात थांबले नव्हते. मला बघून म्हणाली, "मेला नाय ना? मंग येल."

सेक्रेटरींनी पहिल्याच आठवड्यात मला जिन्यात गाठलं. "पण मॅडम, जीपीएस असतो ना बोटीवर? मग पलीकडे गेलेच कशाला?"

प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणूनच मला जास्त लागला. जीपीएस होता. त्याच्यावर लाल रेघ दिसते, दादूसनेच मला दिवाळीत सांगितलं होतं. "रेघेच्या अलीकडं पाणी धुऊन काढलंय गं सगल्यांनी. मासा हाय तो रेघेवर. मालक बोलतो, मासा हाय तिथं जा." हे बंदरावर सगळ्यांना ठाऊक असतं. मालकांना, अधिकाऱ्यांना, गस्तीवाल्यांना. बोट धरली गेली की मग सगळे मिळून म्हणतात, आमचे गरीब बांधव चुकून गेले. मासा संपला कसा, यांत्रिक जाळ्यांनी समुद्राचा तळ खरवडला कोणी, हा प्रश्न देशाच्या सुरक्षेत बसत नाही.

दादूसला तिथल्या कोर्टाने शिक्षा सुनावली ती फार मोठी नव्हती. ती संपली. तरी तो आतच. कारण तिकडच्या सरकारने आपल्या सरकारला विचारलं होतं, हा तुमचाच माणूस का? त्याचं उत्तर जाता जात नव्हतं. एक दिवस आपल्या पोलीस स्टेशनचा माणूस कोळीवाड्यात आला आणि आयला म्हणाला, तुमचा मुलगा भारतीय असल्याचा पुरावा दाखवा. आयने त्याला पाणी दिलं. मग त्याचा हात धरून मागच्या दारी नेलं आणि समुद्र दाखवला.

"ह्यो आमचा पुरावा. माझा सासरा हितंच बुडाला."

तो बिचारा ओशाळला, म्हणाला, मावशी, मला वरून सांगितलंय. रेशनकार्डाचा फोटो काढून गेला.

मी आणि वहिनी मग शहरातल्या एका सरकारी कार्यालयात गेलो. ओळखीने भेट मिळाली होती. अधिकारी तरुण, सुसंस्कृत, शुद्ध मराठी बोलणारे. त्यांनी चहा मागवला. वहिनीला "ताई, बसा ना नीट" म्हणाले, कारण ती खुर्चीच्या कडेवर बसली होती.

"तुमची तळमळ मला समजते," ते म्हणाले. "पण सध्या प्राधान्यक्रम वेगळे आहेत. सीमेवरचं वातावरण बघताय ना तुम्ही."

मी विचारलं, "शिक्षा संपलेल्या माणसाचा वातावरणाशी काय संबंध?"

"संबंध असतो, मॅडम." ते हसले. एखाद्या हुशार पण अजून लहान मुलीला समजवावं तसे. "हे लोक सदिच्छा म्हणून सोडले जातात. त्यांचेही मच्छिमार आपल्याकडे आहेत. मोठी बैठक असेल, वातावरण निवळलेलं असेल, तेव्हा दोन्ही बाजू थोडे थोडे सोडतात. वातावरण नसताना सोडलं तर त्याचा उपयोग काय?"

उपयोग. चहाचा कप मी तसाच ठेवला. वहिनी मात्र प्यायली, सगळा, कारण आमच्याकडे दिलेला चहा टाकत नाहीत. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "ते काय बोलले, सोडतील?" मी म्हटलं, "सोडतील. कोणाला तरी भेट द्यायची असेल तेव्हा." तिला ते कळलं नसावं. बसस्टॉपवर तिने तिकिटाचे सुटे पैसे मोजून माझ्या हातात दिले.

त्यानंतर सीमेजवळ तो हल्ला झाला. निरपराध माणसं मारली गेली, फिरायला गेलेली. त्यांच्या घरच्यांचं दुःख खरं होतं. मी त्या बायकांचे चेहरे टीव्हीवर बघितले आणि मलाही रडू आलं. पण ते दुःख चार दिवसही त्यांच्याकडे राहू दिलं नाही कोणी. त्याचा ढोल केला आणि तो बडवत सुटले. त्या बडवणाऱ्यांची मला शिसारी आहे.

आमच्या सोसायटीत शिटी घेऊन ब्लॅकआउटची, म्हणजे अंधाराची तालीम झाली. सेक्रेटरींनी डोक्याला टॉर्च बांधला होता. ज्यांच्या खिडकीतून उजेड दिसला त्यांची नावं ते खालून ओरडून सांगत होते, आणि लोक गॅलरीत उभे राहून हसत होते. लहान मुलांना लष्करी छापाचे टीशर्ट घातले होते. सासूबाईंनी एकदा खाली वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "मेल्यांका दुसरो धंदो नाय. लढाई काय दशावतार हा?"

मग खरोखरच विमानं उडाली, ड्रोन उडाले. त्या संध्याकाळी मी वेसाव्याला आयकडे होते. वहिनीला एकटं सोडवत नव्हतं. टीव्ही चालू होता. पडद्यावर लाल-पिवळ्या ज्वाळा, खाली सरकत्या अक्षरांची पट्टी, मागे भोंग्याचा आवाज. तो आवाज बाहेरून येत नव्हता, चॅनेलनेच लावला होता. निवेदक खुर्चीत बसूच शकत नव्हता, इतका आनंद झाला होता त्याला. त्याने त्या शहराचं नाव घेतलं. बंदर बेचिराख. शहराचे अमुक भाग उद्ध्वस्त. थोड्याच वेळात नकाशावरून शहर पुसलं जाईल.

आयने विचारलं, "ह्याच गावात हाय ना आपला?"

वहिनीने रिमोट उचलला, तर आयने तो तिच्या हातातून घेतला आणि आवाज वाढवला. ती पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसली, हातभर अंतरावर, आणि त्या ज्वाळांमध्ये बघत राहिली. वाटलं, ती माणूस शोधतेय. ज्वाळा कुठल्या तरी भलत्याच युद्धातल्या होत्या, हे आम्हाला नंतर कळलं.

बाहेर गल्लीत फटाके लागले. हे मला सांगितलंच पाहिजे. फटाके लावणारे बोरिवलीचे नव्हते, आमचेच होते, कोळीवाड्यातले. ज्यांचे काके-मामे त्याच बंदरांवर बोटींवर जातात, ते. वहिनी दारात गेली आणि ओरडली, "माझा नवरा हाय रं तिथं!" एकजण मान खाली घालून निघून गेला. बाकीच्यांनी जरा पुढच्या चौकात जाऊन उरलेले लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आले आणि तासाभरात बेल वाजली. सेक्रेटरी, पेढे.

"घ्या मॅडम. घुसून मारलं."

मला खरंच वाटलं, ते विसरले असतील. म्हटलं, "माझा भाऊ त्या शहरात आहे."

"म्हणजे काय, माहीत आहे ना! बघा तुम्ही, आता त्यालाही आणतील. आता घाबरलेत ते."

मागून सासूबाई आल्या. त्यांनी बॉक्समधला एक पेढा उचलला, बघितला, परत ठेवला. "कोणाच्या लेकाच्या जिवावर पेढो खातलंय तर माका किडे पडतले. जावा तुम्ही." आणि दार लावलं.

दुपारपर्यंत ती बातमी हळूच नाहीशी झाली. शहर जागेवर होतं. बंदर जागेवर होतं. कोणी चूक झाली म्हणालं नाही. संध्याकाळी तोच निवेदक नव्या कोटात नवी बातमी सांगत होता, तितक्याच आनंदाने. मी आयला फोन केला की सगळं खोटं होतं. ती एवढंच म्हणाली, "खोटं? आनि ते हसत व्हते ते?"

सेक्रेटरी दोन दिवसांनी लिफ्टमध्ये भेटले. "बरं झालं ना, भाऊ वाचला तुमचा," म्हणाले. मग खांदे उडवून, "पण खरं असतं तर मजा आली असती."

हा माणूस दुष्ट नाही. सासूबाई बाथरूममध्ये पडल्या तेव्हा यानेच त्यांना उचलून गाडीत घातलं होतं. तेच मला जास्त किळसवाणं वाटतं. दुष्ट असता तर सोपं गेलं असतं.

युद्ध थांबलं. पण सीमा बंद, व्यवहार बंद, बोलणी बंद. त्याच काळात दादूसच्या बोटीवरचा एक खलाशी तुरुंगात वारला. डहाणूकडचा आदिवासी माणूस, दादूसच्याच बराकीतला. खोकत खोकत गेला. आणि मेल्यावरही तो सुटला नाही. मृतदेह तिकडच्या शवागारात पडून राहिला, कारण कागद हलत नव्हते आणि मेलेल्या माणसालाही आपल्या हद्दीत यायला दोन सरकारांच्या सह्या लागतात. त्या सुसंस्कृत अधिकाऱ्यांना मी फोन केला, त्याच्यासाठी. ते म्हणाले, "मॅडम, जिवंत लोकांचं होत नाहीये, तिथे…" वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. सभ्य होते.

पुढे परदेशात कुठेतरी मोठी बैठक ठरली. दोन्हीकडचे मोठे लोक एका व्यासपीठावर उभे राहणार होते. वातावरण निवळलं. माणसं तीच, शिक्षा तीच, समुद्र तोच. एका सकाळी बातमी आली की सदिच्छा म्हणून काही मच्छिमारांना सोडणार. दादूस त्यात होता. त्या खलाशाची शवपेटी त्याच्या आधी थोडेच दिवस पोचली होती.

दादूस आला तो काठीसारखा. रस्त्याने सीमा ओलांडून, मग आपल्याच अधिकाऱ्यांकडून चौकशी, मग गाडीचा लांबचा प्रवास. त्याचं पोट कायमचं बिघडलं होतं, काही टिकत नव्हतं. त्याला झोपू द्यायला हवं होतं. पण तो यायच्या आधीच कोळीवाड्याच्या तोंडाशी मंडप पडला होता. तिथल्या एका पुढाऱ्याने घातलेला. बॅनरवर त्या पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो, वर आणखी मोठ्या लोकांचे फोटो, आणि अक्षरं: "कणखर परराष्ट्र धोरणाचा विजय!" दादूसचा फोटो खाली कोपऱ्यात होता, लग्नातला, गुबगुबीत.

त्याला गाडीतून उतरवून थेट स्टेजवर नेलं. शाल घातली, नारळ दिला, मोठ्या खुर्चीत बसवलं. पुढारी यायचे होते. ऊन रणरणत होतं. मी स्टेजच्या खाली उभी होते आणि दादूसचा चेहरा बघत होते. तो खुर्चीत मागेपुढे होत होता. त्याने बाजूच्या कार्यकर्त्याला काहीतरी सांगितलं. कार्यकर्त्याने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, दाबला, म्हणाला, "दोन मिनटं दादा, साहेब आलेच." दादूस उठायला लागला. त्याला परत बसवलं. मी ओरडले, "अरे त्याला जाऊ द्या, त्याला बरं नाहीये!" लाउडस्पीकरवर देशभक्तीचं गाणं लागलं होतं, कोणाला ऐकू जाणार?

साहेब आले. ढोल वाजले. साहेबांनी दादूसला उठवून मिठी मारली आणि कॅमेऱ्यांकडे तोंड केलं. माइक दादूसच्या तोंडापुढे धरला. "सांगा, तिथे किती छळ केला तुमचा? सांगा सगळ्यांना, घाबरू नका."

दादूस माइकमध्ये म्हणाला, "मना परसाकडं जावाचा हाय."

लोक हसले. साहेबही हसले, म्हणाले, "बघा, किती साधा माणूस!" आणि खांद्यावरचा हात काढला नाही. फोटो चालू होते. तेवढ्यात दादूसच्या पायजम्यावर डाग पसरला. पुढच्या रांगेतल्यांना आधी कळलं. एका बाईने नाकाला पदर लावला. साहेबांना वास आला, आणि मग तो हात निघाला. त्यांनी एक पाऊल मागे घेतलं, खिशातून रुमाल काढला आणि शांतपणे आपला हात पुसला. तो हात, जो नुसता खांद्यावर होता.

आय स्टेजवर चढली. त्या वयात, तीन पायऱ्या, कोणाचा आधार न घेता. तिने दादूसच्या अंगावरची शाल काढून त्याच्या कमरेभोवती गुंडाळली आणि त्याला लहान मुलासारखं हाताला धरलं. "चल रं. घरा चल." साहेबांसमोरून जाताना थांबली.

"तुमी सोरवला त्याला?" तिने विचारलं.

"आमच्या सरकारने, आई."

"मंग तवाच सोरवाचा. धरला तवा."

आणि ती त्याला घेऊन खाली उतरली. गर्दी आपोआप बाजूला झाली, काही अंशी वासामुळे. वर्तमानपत्रात फोटो आला तो कमरेपर्यंतचा. साहेब हसतायत, दादूसचे डोळे मिटलेले. खाली लिहिलं होतं, आनंदाश्रू.

दादूस बरेच दिवस कोणाशी बोलला नाही. एक दिवस दारात एक बाई आली, सोबत तिचा दीर. ती त्या मेलेल्या खलाशाची बायको होती. डहाणूहून पहाटे निघून, विचारत विचारत आली होती. तिच्याकडे कोणी मंडप घातला नव्हता, हे सांगायला नको. आयने तिला आत घेतलं. ती भिंतीला टेकून बसली, दादूसकडे बघत.

"पेटी उघडू नका बोलले," ती म्हणाली. "पोलीस बोलले, फार दिवस झालेत, उघडू नका. आम्ही तशीच पुरली." मग विचारलं, "तोच होता ना त्याच्यात?"

आतापर्यंत दादूस हो-नाहीपलीकडे बोलला नव्हता. तो सरकत तिच्यासमोर आला.

"तोच व्हता," तो म्हणाला. "मीच आंघोल घातली त्याला. तिथल्याच एका कैद्यानं साबन दिला, आपला नवा सदरा दिला. डाव्या हाताचं बोट नव्हतं ना त्याला? जालं ओढाच्या विंचमधी गेलेलं? ते बघूनच मी त्याला गुंडाललं, पायाला नावाची चिठ्ठी बांधली. दुसरा कोन नव्हता त्यात. तोच व्हता."

बाईने मान हलवली. दिराने डोळे पुसले. तिने मग विचारलं, जेवायला मिळायचं का त्याला. दादूस खोटं बोलला असता तर चाललं असतं. पण तो म्हणाला, "रोटी मिलायची. त्याला रोटी जात नव्हती. भात मागायचा. आजारी पडल्यावर एकदा त्यांनी भात दिला, तेव्हा खाल्ला त्यानं."

"खाल्ला?"

"समदा खाल्ला."

तेव्हा कुठे ती रडली. आयने चुलीवरचा भात उतरवला आणि सगळ्यांना वाढला. आम्ही जेवलो. त्या जेवणात कोणी देशाबद्दल एक शब्द बोललं नाही.

दादूस आता वेसाव्यातल्याच बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलतो. बोट तिकडेच आहे, त्यांच्या बंदरात, किनाऱ्यावर ओढून ठेवलेली. मालकाने नवी बोट काढली आणि दादूसला फोन केला, तांडेल म्हणून ये. दादूसने फोन वहिनीकडे दिला आणि वहिनीने मालकाला कोळीवाड्याच्या भाषेत जे सांगितलं ते इथे लिहिता येणार नाही. दुसऱ्या कोणीतरी ती बोट घेतली असेल. घेणारे मिळतातच.

शाळेत यंदा मला राष्ट्रीय सुरक्षेवर मुलांसाठी भाषण लिहून द्यायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. मुख्याध्यापिका बाईंनी कारण विचारलं नाही, दुसऱ्या शिक्षिकेला दिलं. मुलं ते छान पाठ करून बोलली, टाळ्या झाल्या.

गेल्या महिन्यात त्याच बंदरावरची आणखी एक बोट धरल्याची बातमी आली, आतल्या पानावर, चार ओळींची. वहिनीने वाचली आणि वर्तमानपत्र घडी करून फळीवर ठेवलं, दादूसला दिसू नये म्हणून. त्याला ती सकाळीच कारखान्यात कळली होती. तोही तिला काही बोलला नाही.